कोरा रकाना

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५
संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटं. मनगटावरच्या घड्याळात बघून ठेवलं. इथल्या शुवैख भागातल्या त्या हॉलमध्ये चन्था किकबॉक्सिंगच्या दुसऱ्या फेरीत पडली, ती उठलीच नाही. साधी लाथ, कानशिलावर. नौमान म्हणाला, "अम्मी, एवढ्याने कोणी पडतं?" तेच तर! तपासणी न करता पोरीला उभी केली मेल्यांनी! डॉक्टर होता म्हणे – मोबाईल बघत होता.

लढतीआधी रिंगमध्ये गुडघे टेकून गुरूला नमस्कार करायची कंबोडियाची पद्धत. हिने चारी दिशांना केला. मग माझ्याकडे वळून एक. खालच्या मजल्यावरची भाडेकरू, तीन महिने इंग्रजी शिकवते तिला, तर मी गुरू!

शनिवार, १५
हॉस्पिटलात शुद्धीवर आली. उजव्या डोळ्याला एकाचे दोन दिसतात. डॉक्टर म्हणाले, डोक्याला जुनी इजा होती. आता रिंगमध्ये पाऊल नाही, कधीच नाही.
बाराव्या वर्षी गावच्या जत्रेत पहिली लढत. एकसष्ट लढती. सत्ताविसाव्या वर्षी संपलं.
तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. "टीचर, माय नेक्स्ट फाईट?"
मी उशी सारखी केली.

रविवार, १६
आयोजकांना पत्र दिलं. जुनी इजा असताना उतरवलीत कशी? लेखी उत्तर, गुरुवारी दुपारी बाराच्या आत! नाझिया म्हणते, "अम्मी, फोन करा ना सरळ." सुनेला काय सांगू? फोनवर माणसं खोटं बोलतात. कागदावर जरा लाजतात.

मंगळवार, १८
उत्तर नाही. निर्लज्ज!

बुधवार, १९
उत्तर आलं. कोणी जयप्रकाश, मॅनेजर. दोनच ओळी – "मॅडम, सोबतचा अर्ज पाहावा."
तिचा अर्ज. इथेच, जेवणाच्या टेबलावर मी भरलेला. "पूर्वी डोक्याला इजा किंवा बेशुद्धी?" – या प्रश्नाला ती मान खाली घालून गप्प बसली होती. मला वाटलं, नसेल काही. कॉन्व्हेंटात सिस्टरने बोटांवर पट्टी मारून शिकवलेलं, रकाना कोरा ठेवायचा नाही. मी "निल" लिहिलं. वळणदार अक्षरात. तिने खाली सही केली.

गुरुवार, २०
आज विचारलं. जानेवारीत नॉमपेनला बेशुद्ध पडली होती, दहा मिनिटं. मग बोलली का नाहीस?
"टीचरने लिहिलं. टीचरला चूक कसं म्हणणार?"
शनिवारी सकाळी दहाला तिला घरी सोडतील. त्याआधी लेखी उत्तर हवं – माझं. तिला वाचता येईल अशा सोप्या इंग्रजीत.