खोडलेली पाचवी ओळ

वन्सं,

वाकून नमस्कार. (गुडघा आता वाकत नाही, तेव्हा मान तरी वाकवली आहे असे धरून चाला.) खोकला कसा आहे? कानातले यंत्र लावता की अजून डबीतच आहे? गेल्या वेळी फोनवर मी अर्धा तास तुमची समजूत घातली आणि शेवटी तुम्ही "कोण बोलतंय?" असे विचारलेत, म्हणून हे पत्र. माझी तब्येत उत्तम आहे. अन्न जात नाही आणि माणसे नकोशी झाली आहेत, एवढे सोडले तर काही तक्रार नाही.

लिहिण्याचे कारण असे की तुमच्या भावाचा कॉम्प्युटर बंद पडला. खरे सांगायचे तर मी पाडला. त्यात त्याने लिनक्स घातले होते, हे तुम्हाला ठाऊक नसेल. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी अशी व्यवस्था, जी कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिली आणि सगळ्यांना फुकट वाटली. हे त्याने मला सांगितले तेव्हा मी तिच्यावर तीन सभा गाजवल्या. (वापरता एकदाही आली नाही. पण वापरता येणाऱ्या गोष्टींवरच बोलायचे ठरवले तर देशोदेशीची व्यासपीठे ओस पडतील.) तो गेल्यापासून आठ महिने कॉम्प्युटरवर चादर होती. मागच्या आठवड्यात ती काढली, बटण दाबले, तर यंत्राने आपण होऊन स्वतःची सुधारणा सुरू केली आणि पडद्यावर पाटी लावली की काम चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. आता तुम्ही मला ओळखता. चाळीस वर्षे मी मंत्र्यांचे हुकूम ऐकले नाहीत, ते या पत्र्याच्या डब्याचे ऐकू? पाच मिनिटे वाट पाहिली, सनदशीर मार्ग संपल्याची खात्री करून घेतली आणि प्लग उपटला. मग नुसता काळा पडदा, आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ उघडमीट करत राहिली.

एरवी मी तो डबा भंगारात घातला असता. पण त्यात "थापा" आहे. थापा म्हणजे एक फाइल. तुमचा भाऊ छापखान्यात मुद्रिते तपासून म्हातारा झाला. चूक दिसली की त्याचे बोट आपोआप उठे. माझ्या प्रत्येक सभेला तो येई, खिशातल्या वहीत काहीतरी टिपे आणि घरी आल्यावर कॉम्प्युटरवर उतरवून ठेवी. लग्नानंतर चौथ्या का पाचव्या वर्षी मी विचारले, काय लिहितोस रे एवढं? (मी त्याला अरे म्हणते म्हणून तुम्ही सहा महिने अबोला धरला होतात, ते हेच वर्ष.) तर शांतपणे म्हणाला, "तुझ्या थापा." मी कुठे काय खोटे बोलले आणि खरे काय होते, याची तारीखवार नोंद! त्या दिवशी मी शपथ घेतली की या फाइलीचे तोंड बघणार नाही. अठ्ठावीस वर्षे पाळली. आणि आता, वन्सं, जगात मला दुसरे काहीही नको आहे.

खालच्या मजल्यावर कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक गृहस्थ आहे. त्याचे सगळे बोलणे जांभईच्या आत बसते. तो वर आला, रेघ पाहिली आणि म्हणाला, "सगळं पुसून टाकू बाई. अर्ध्या तासात नवं कोरं." मी म्हटले, आतल्या फाइली? तो म्हणाला, "नवं म्हणजे नवंच की हो." वन्सं, माझा चेहरा पडला. कारण हेच वाक्य मी आयुष्यभर लोकांना ऐकवले: जुने सगळे पुसा, मुळापासून नवे उभारा, डागडुजी करणारे ते भित्रे. लोक टाळ्या वाजवत. आणि इथे मी त्या जांभईवाल्याच्या हातापाया पडत होते की बाबा रे, व्यवस्था बदल, पण घराला (फाइली राहतात त्या जागेला यंत्रात घरच म्हणतात) धक्का लावू नकोस. इतकी मवाळ मागणी माझ्या शत्रूंनीसुद्धा कधी केली नसेल. त्याने खांदे उडवले आणि चहा न घेता गेला.

मग खण उपसताना तुमच्या भावाचा कागद सापडला. वर लिहिलेले, "पुन्हा बसवायची वेळ आली तर", खाली नऊ ओळी, त्याच्या त्या मुंगीएवढ्या अक्षरात. आपण गेल्यावर मी काय उपद्व्याप करणार हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते. लिनक्सची कांडी (बोटाएवढी असते, तिच्यातून ते नव्याने बसवता येते) कागदालाच चिकटवून ठेवलेली. तिसऱ्या ओळीखाली लाल शाईच्या दोन रेघा: "फॉरमॅट लिहिलेल्या चौकटीत खूण करायची नाही. केलीस तर सगळे जाईल." ती चौकट आली तेव्हा मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. पाचवी ओळ होती, "तुझे नाव विचारेल. जुनेच दे: भिंग." (छापखान्यात त्याला भिंग म्हणत.) पण ती ओळ त्यानेच आडवी रेघ मारून खोडली होती, आणि खाली बारीक ठिपके होते. मला वाटले, पेन झटकले असेल. यंत्राने नाव विचारताच मी झोकात माझे दिले, लोक देतात ते: तोफ.

सगळे सुरळीत झाले. पडदा उजळला, "तोफ, स्वागत असो" म्हणाला. आणि घर रिकामे. कागदपत्रे नाहीत, चित्रे नाहीत, थापा नाही. कोऱ्या फोल्डरांची रांग, भाडेकरू सोडून गेल्यावर खोल्या दिसतात तशी. तो गेला तेव्हा मी रडले नाही. लोक होते, व्यवस्था बघायची होती, दोन भाषणेही झाली. या वेळी लोक नव्हते. सहा दिवस मी त्या खुर्चीत बसून होते. माणूस एकदा नेला तो रोगाने. दुसऱ्यांदा मी स्वतःच्या हाताने पुसला, असेच मी धरून चालले होते. याहून जास्त लिहीत नाही.

गुरुवारी छापखान्यातले जुने खिळेजुळारी आले. दर गुरुवारी येतात, चहा घेतात, बोलत नाहीत. मी कागद त्यांच्यापुढे टाकला आणि म्हटले, बघा, तुमच्या मित्राने सांगितले ते अक्षरशः केले, तरी सगळे गेले. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"पाचवी ओळ केलीत?"

"ती खोडलीय ना!"

"खाली ठिपके आहेत की. मुद्रितात ठिपके म्हणजे खोडलेलं तसंच राहू दे." मग माझ्याकडे असे पाहिले, की बत्तीस वर्षे या माणसाबरोबर राहून हेही शिकला नाहीत? "आधी त्याला वाटलं असेल, एवढं तिला कळेल, लिहायला कशाला हवं. मग वाटलं असेल, नाही कळणार."

काहीच पुसले गेले नव्हते, वन्सं. नवे नाव दिल्यावर यंत्राने मला नवे घर बांधून दिले, इतकेच. भिंगाचे घर शेजारीच उभे होते, जसेच्या तसे. पडद्यावरच्या फोल्डरांच्या खिडकीत एक पायरी वर चढायचे, दोन दारे दिसतात: तोफ आणि भिंग. मी सहा दिवस आपल्याच दारात बसून रडत होते. थापा तिथेच आहे. उघडलेली नाही आणि उघडणारही नाही. शपथ म्हणजे शपथ. आहे, एवढे पुरे.

तुम्ही काळजी करू नका आणि धावपळ करून यायचे तर मुळीच मनात आणू नका. मी एकटी समर्थ आहे.

तुमची भावजय

ता. क. उघडली. चारशे बारा नोंदी. बऱ्याचशा मला मान्य आहेत. ("'हजारोंच्या साक्षीने' म्हणाली. खुर्च्या तीनशे, चाळीस रिकाम्या.") काहींवर मी त्याच्याशी मोठ्याने भांडले, खालचा जांभईवाला वर येऊन पाहून गेला.

ता. क. दोन. दोनशे सत्तराव्या नोंदीपुढे मला जाता येत नाही. त्या सभेत मी म्हणाले होते की माझा नवरा सदैव माझ्या पाठीशी उभा आहे. त्याची दुरुस्ती अशी: "उभा नाही, बसलेला. पाठीशी नाही, समोर. तिसरी रांग, कडेची खुर्ची. तिला दिसत नाही." खरेच दिसत नसे. दिवे माझ्या डोळ्यांवर असत आणि पुढे सगळा काळोख. मी इतकी वर्षे त्या काळोखाला उद्देशून बोलले.

ता. क. तीन. वीस तारखेला सभा आहे. आठ महिने सगळ्यांना नाही म्हणत होते, काल हो म्हणून बसले. तुम्ही या. तिसऱ्या रांगेत कडेला बसा. ती खुर्ची रिकामी बघवणार नाही. संयोजकांना सांगितले आहे की या वेळी सभागृहातले दिवे मालवायचे नाहीत.