सॅम्पल फ्लॅटमधला संसार

४ नोव्हेंबर ९४
मुनिरकाच्या ह्या खोलीत ऊन म्हणून येत नाही. हे आज परत टीव्हीवाल्यांकडे नुसतेच बसून आले. सिरीयलसाठी दिल्लीतली सरकारी नोकरी सोडली, लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर गेलं, सिरीयल चार भागांत बंद. पेटी वाजवतात, नट आहेत, चित्रं काढतात. तिन्ही येतं म्हणून कुणालाच नको. मी तोंडावर बोलले तसं. हे जेवले नाहीत. नको तर नको.

११ नोव्हें.
काम मिळालं. गुडगावात बिल्डर बिल्डिंगा बांधणार, अजून नुसते खड्डे. एक फ्लॅट तेवढा दाखवायला सजवलाय. त्यात ह्यांनी दिवसभर मालक बनून बसायचं. भिंतीवर ह्यांचीच चित्रं, गिऱ्हाईक आलं की पेटी. "भाभीजी भी चाहिए," बिल्डर म्हणाला. मी चहा द्यायचा. म्हणजे मी पण नटी. शी.

१९ नोव्हें.
नळ आहेत, पाणी नाही. चहाचं पाणी कॅनमधून. चौकीदार सांगत होता, जमिनीची केस चालू आहे, इथे काही बनणार नाही. आणि हे गिऱ्हाइकांना, "सकाळी बाल्कनीत रियाज करतो, मोर येतात." मोर! धूळ येते. लोक वा वा करतात. हे खूश. इतके खूश सिरीयलच्या वेळी पण नव्हते. बघवत नाही.

२६ नोव्हें.
आज पेंडसे वहिनी आल्या. क्वार्टरमध्ये आमच्या खाली राहायच्या. मिस्टर रिटायर होतायत, घर बघतायत. "अय्या, तुम्ही इथे? बिल्कुल पत्ता लागू दिला नाहीत!" वाटलं, आता तरी हे खरं...
"या वहिनी, आमचंच घर."
"भाऊजी, पाणी?"
"चोवीस तास."
मी ट्रे धरून उभी. वहिनी म्हणाल्या, तुम्ही घेतलाय ना, मग आम्ही विचार कसला करायचा. फंडाचा सगळा पैसा लावणार.
घरी आल्यावर मी ह्यांच्याशी भांडले. ओळखीच्या माणसासमोर तरी! तर म्हणे, "एकदा एंट्री झाली की मध्येच सोडता येत नाही."

१ डिसें.
ह्यांना न सांगता बसने लक्ष्मीबाई नगरला गेले. वहिनींना खरं सांगायलाच गेले होते. सांगितलं तर ह्यांचं हे पण काम जाणार, ते माहीत होतं. वहिनींनी पोहे केले. म्हणाल्या, "तुमच्या ओट्याला कुठला रंग हो? आम्ही पण तोच सांगतो."
मी म्हणाले, पांढरा.

३ डिसें. शनिवार
वहिनी अकराला येणार, सही करायला. हे दाढी करताना गुणगुणतायत. मला म्हणाले, चलो, उशीर होतोय. मी अजून घरची साडी बदललेली नाही.