दादाच्या पेटीतले दातेरी चाक

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा रंग व ब्रश विकण्याचा, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. हात थरथरतो त्याचा डोक्याशी संबंध नाही, असेही त्यांनीच सांगितले. यापूर्वीचे मृत्युपत्र मी फाडून टाकले आहे. त्यात बाकी सगळे होते, फक्त कलम चार लिहायची हिंमत झाली नव्हती.

कलम १. दुकानातील चांगले रंग व सर्व ब्रश शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना द्यावेत. खालच्या फळीवरचे डबे फेकून द्यावेत. "थोडं टर्पेंटाइन घाला, चालतील," असे सांगून मी ते वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारले. ते कधीच चालले नाहीत.

कलम २. समोरच्या कुलूपवाल्याकडे माझी शिडी अकरा वर्षे पडून आहे. ती आता त्याचीच समजावी, म्हणजे ती परत करायच्या निमित्ताने तो माझ्या तेराव्याला येऊन दोन तास बसणार नाही.

कलम ३. राहते घर, म्हणजे खालचे दुकान व वरच्या दोन खोल्या, माझ्या पुतणीस मिळावे. मला बायकोमुले नाहीत. "मायेपोटी देत आहे" असे लिहा, असे वकील म्हणाले. माया आहेच, पण घर देण्याचे कारण ते नाही.

कलम ४. कारण असे. माझा थोरला भाऊ, दादा, कपाटांवर, पेट्यांवर आणि पाळण्यांवर वेली-पाखरे रंगवत असे. वडिलांनी त्याच्या हाती ब्रश दिला आणि मला गल्ल्यावर बसवले. दादा दार लावून काम करी. एकच पाखरू दहा कपाटांवर हुबेहूब कसे उतरते, हे त्याने मला कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मला त्याचा राग होता. पण बाजारात मला 'पारखी' म्हणत. डोळे मिटून हातात द्या, कोणतेही अवजार ओळखीन, अशी माझी बढाई होती.

दादा गेल्यावर महिन्याभराने वहिनी त्याची पेटी घेऊन दुकानात आल्या. पेटीत लाकडी मुठीचे एक लहानसे दातेरी चाक होते आणि खाली कागदांची जाड चळत होती.

"भावोजी, हे काय असेल हो? तुम्हालाच ठाऊक असणार," त्या म्हणाल्या.

मला ठाऊक नव्हते. दुकानात चार गिऱ्हाइके होती आणि चौघेही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "अहो वहिनी, हे तर कातणं! करंजीच्या कडा कापायचं. दादाकडं कसं आलं कोण जाणे." सगळे हसले. वहिनीही हसल्या, महिन्याभरात पहिल्यांदाच.

मग त्यांनी कागद पुढे केले. सगळ्यांना बारीक बारीक भोके होती. मी वरचा एक कागद दाराच्या उजेडाकडे धरला. भोकांतून उजेड आला आणि मला चोच दिसली, मग मान, मग पंख. त्या क्षणी मला सगळे कळले. चित्राच्या रेघेवरून हे चाक फिरवायचे, कागदाला टोचे पाडायचे, कागद लाकडावर ठेवून वर कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटायची, की खाली ठिपके उमटतात. ते ब्रशाने जोडले की तेच पाखरू. दादाचे सारे आयुष्य त्या चळतीत होते.

एवढेच बोलायचे होते की वहिनी, चुकलो. पण चार माणसांसमोर कातणे म्हणून बसलो होतो. मी म्हणालो, "कागदांना कीड लागलीय. जाळून टाका, नाहीतर घरभर पसरेल." त्यांनी दुसऱ्या दिवशी अंगणात ते जाळले. चाकाचे दाते बोटाला टोचतात म्हणाल्या, तर मीच कानस मारून ते बोथट करून दिले. पुढे सव्वीस वर्षे त्यांनी ते स्वयंपाकघरात वापरले आणि दर वेळी माझे नाव काढले.

पुतणी तेव्हा सोळा वर्षांची होती. तिला वडिलांचेच काम करायचे होते. तिने तीन वर्षे नुसत्या नजरेने पाखरे काढून पाहिली. लोक म्हणत, हिच्यात वडिलांचा हात उतरला नाही. तेही ती माझ्याच दुकानात उभी राहून ऐकत असे आणि मी तिला ब्रश बांधून देत असे. शेवटी तिने नाद सोडला. आता ती कारखान्यात पिंपांवर आकडे रंगवते. तिचा हात चांगला होता. हे मला माहीत होते आणि मी बोललो नाही. मी अपराधी आहे, याहून वेगळा शब्द मला सापडत नाही.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. पुतणीने ते चाक मला आणून दिले. "काका, तुम्हीच ओळखलं होतंत. तुमच्याकडेच असू द्या," ती म्हणाली. त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही.

कलम ५. मी उजेडाकडे धरलेला तो एक कागद वहिनींना परत दिला नव्हता. तो गल्ल्याच्या खणात आहे. तो व ते चाक पुतणीस द्यावे.

सहीपूर्वीची पुरवणी. मेल्यावर कळवणे हा पळपुटेपणा झाला असता, म्हणून आज पुतणीला बोलावून वकील व डॉक्टरांसमोर वरील मजकूर मी स्वतः वाचून दाखवला. तिने विचारले, "आईला माहीत होतं?"

"नाही."

तिने खण उघडून कागद काढला. मी म्हणालो, तो कलम पाचमध्ये आहे, माझ्यामागे मिळेल. ती म्हणाली, "हा बाबांचा आहे. तुमचा नाहीच, तर तुम्ही देणार कसा?" आणि तो पर्समध्ये ठेवला. मग वकिलांना म्हणाली, "साक्षीदाराची सही कुठं असते?"

वकील गडबडले. "बाई, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. सही केलीत तर घर हातचं जाईल."

"घर घेतलं तर मी वारस होते. मग बाबांचे कागद कसे जळले, हे मला चारचौघांत कुठल्या तोंडानं सांगता येईल? मला साक्षीदारच व्हायचंय. पेन द्या."

मी तिला थांबवले नाही. घराचे काय करायचे ते मी जिवंत असेतो वेगळ्या कागदाने ठरवीन.

ठिकाण: दुकानामागची खोली. दिनांक: नऊ मार्च, सकाळी अकरा.

लिहून देणार: (सही) रंगवाला

साक्षीदार पहिले: (सही) डॉक्टर

साक्षीदार दुसऱ्या: (सही) ~~पुतणी~~ चित्रं रंगवणाऱ्याची मुलगी

टीप: 'पुतणी' हा शब्द वकिलांनी लिहिला होता. तो सही करणारीने स्वतः खोडून पुढचे शब्द लिहिले. खाडाखोड मला मान्य आहे. (सही) रंगवाला