डॉक्टर कधी येणार ते लिहा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

सकाळपासून खोटे फोन करतेय. आवाज बदलून, मधूनच पुरुष होऊन. शेजारच्या टेबलावरची अवंतिका म्हणाली, नोकरी सोड आणि नाटकात जा.

काम दूध संघाचं. शेतकऱ्यानं फोन केला की एआय उचलणार, ऐकणार आणि त्याच्यापुढच्या टूलपैकी एक वापरणार — बिल सांगणारं, पशुखाद्य मागवणारं, जनावरांचा डॉक्टर बोलावणारं. टूलच्या आत काय चालतं ते त्याला दिसत नाही. प्रत्येकाखाली दोन ओळींचं वर्णन असतं, तेवढंच तो वाचतो. ती वर्णनं त्याला पुरतात का ते बघून पाचपैकी मार्क द्यायचे, हे माझं काम. आईला अजून वाटतं मी शाळेचे पेपर तपासते.

वर्णनं शशिधरकाकांनी लिहिलीत. मलकापूरला संघाच्या ऑफिसात जन्म गेला त्यांचा, रिटायर झाल्यावर आमच्याकडं करारावर आले. रोज एसटीनं ये-जा. करार याच महिन्यात संपतोय, आणि पुढचा मिळणं माझ्या मार्कांवर. हे मला कुणी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बोंबला! माझा खोटा फोन — "म्हैस व्यायला लागलीया, रेडकू अडलंय, लवकर या." एआयनं 'डॉक्टर भेट' हे टूल वापरलं. वर म्हणाला, भेट ठरली आहे, काळजी करू नका.

काकांना विचारलं, डॉक्टर कधी येणार?

"सकाळी की. दुधाच्या गाडीसंगं."

तोवर म्हैस मरेल!

"न्हाय हो ताई. अडलेल्या म्हशीला दोन नंबरची वर्दी द्यायची. डॉक्टर हाय तसा गाडीला किक मारतोय."

ते टूल वेगळं, तातडीच्या निरोपाचं. त्याचं वर्णन काय? 'दोन नंबरची वर्दी देते.' बास, एवढंच.

असं कसं लिहिलं काका? तर म्हणे, "सगळ्यांस्नी माहिती हाय की!" सगळे म्हणजे मलकापूरच्या ऑफिसातली चार टेबलं. बोलता बोलताच काकांना ते कळलं. मग पाणी प्यायला उठून गेले.

५ नोव्हेंबर, बुधवार

विश्वजित सर म्हणे, "एआयच ठोंब्या हाय. महागातला लावा." मालक आहेत, लावला. तोही तिथंच चुकला, फक्त धीर जरा जास्त गोड दिला.

माझं डोकं फिरलं. पाहुण्याला दुकानात धाडायचं, 'नेहमीचं आण' म्हणायचं, आणि त्यानं भलतंच आणलं की त्यालाच येडा ठरवायचं! मला त्या एआयची दयाच येते. बिचारा वाचतो तसं वागतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काकांना शेजारी बसवून दोन्ही वर्णनं नव्यानं लिहिली. मी सारखं एकच — डॉक्टर कधी येणार ते लिहा. 'भेट'खाली आता आहे: डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी येतात, जीव धोक्यात असेल तर हे वापरू नका. 'वर्दी'खाली: अडलेलं वेत, पोटफुगी, साप चावणं, डॉक्टर लगेच निघतात.

दिवसभर फोन करून छळलं त्याला. एकदाही चुकला नाही. काकांनी डब्यातली शेंगाची पोळी दिली, वर तूप. किती दिवसांनी हसले ते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मार्क जुन्या वर्णनांना द्यायचे होते. लायकी एकाची. मी चार दिले. 'किरकोळ दुरुस्ती हवी' असा शेरा मारून नवी वर्णनं जोडली. दुरुस्ती तर होणारच आहे, मग म्हाताऱ्या माणसाच्या पोटावर पाय कशाला?

संध्याकाळी सर सगळ्यांसमोर — "चार म्हंजे झालं की! सोमवारी हाय तसं चालू करू. किरकोळ दुरुस्त्या पुढच्या महिन्यात."

मी तोंड उघडलं. काका समोरच उभे होते. मिटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

सोमवारी खरंच कुणाची म्हैस अडली तर? तो माणूस सकाळपर्यंत वाट बघत बसेल. काळजी करू नका म्हटलंय ना त्याला.

९ नोव्हेंबर, रविवार

सरांना फोन लावला, वाजायच्या आत कट केला. कळंब्याच्या तळ्यापर्यंत चालत जाऊन आले. उद्या तोंडावर सांगते. काय व्हायचं ते होऊ दे.

१० नोव्हेंबर, सोमवार

सांगायला गेले तर चालूच केलेलं नाही. काकांनी शनिवारी स्वतः सरांच्या घरी जाऊन सांगितलं — जुनी वर्णनं माझी, ती चुकीची हायत, नवी घातल्याशिवाय चालू करू नका. सरांनी ऐकलं. काकांचा करार मात्र वाढणार नाही.

ते ड्रॉवर आवरत होते. मला बघून पिशवी खाली ठेवली. रागावले असते तर परवडलं असतं.

"चार कशाला दिलंसा, ताई?" म्हणाले. "आमच्या दावणीलाबी म्हैस हाय. ह्याच म्हैन्यात व्यायची हाय."