माझ्या वतीने

सोमवार, ३ तारीख
नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क वेळेआधी पोहोचले. ताईला कळलं तर विचारेल, तब्येत बरी आहे ना? खिडकीजवळचं टेबल मिळालंय, खुर्ची करकरत नाही, चहा मशीनचा असला तरी गरम असतो. मुख्य बाई बोलायला गोड आहेत. पण पहिल्याच तासाला त्यांनी नियम सांगून टाकला: इथे तोंडी काही चालत नाही. रजा असो, तक्रार असो, खुर्ची बदलून हवी असो, मेल करायची. मेलमध्ये नाही ते झालंच नाही असं धरायचं. मी मान डोलावली, तर म्हणाल्या, समजलं असेल तर तेही मेलवर कळवा. मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

मंगळवार, ४
कामाला लागले. माणसं रजेवर गेली की मेल तुंबतात, म्हणून परस्पर उत्तरं देणारं टूल निवडायचं आहे. तीन आली आहेत. पहिलं सगळ्यांना एकच ठोकळेबाज ओळ पाठवतं, अमुक तारखेपर्यंत रजेवर आहे. दुसरं तातडीच्या मेल वेगळ्या काढून शेजारच्या टेबलावर ढकलतं, म्हणजे शेजारचा मेला. तिसरं तुमच्या जुन्या मेल वाचून तुमच्याच तऱ्हेने उत्तर देतं, समोरच्याला पत्ताही लागत नाही. मुख्य बाईंचा जीव तिसऱ्यावर जडलाय. चाचणीसाठी एका माणसाच्या बऱ्याच वर्षांच्या मेल हव्या होत्या. कुणी पुढे येईना. माझी इथली मेलची पेटी रिकामी, म्हणून मी घरची जोडून दिली. अकरा वर्षांच्या मेल, बहुतेक ताईला लिहिलेल्या. नव्या माणसाचा उत्साह, दुसरं काय.

शुक्रवार, ७
ताईच्या घशाचं ऑपरेशन शनिवारी, पंधरा तारखेला ठरलं. त्यानंतर आवाज राहणार नाही. डॉक्टरांनी आतापासूनच बोलणं बंद ठेवायला सांगितलंय, म्हणून ती सगळं मेलवर लिहिते. आज लिहिलं: "अर्ध्या तासाचं बोलणं शिल्लक असेल. ते तुझ्यासाठी ठेवलंय. फोनवर नाही, समोर ये."

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. मला दटावलं, झोपवलं, शाळेत ढकललं ते ताईच्याच आवाजाने. वाटलं होतं, आता रडू कोसळेल. नाही कोसळलं. हातपाय दुसऱ्या कुणाचे असावेत तसे झाले, एवढंच. तेरा तारखेपासून रजेचा अर्ज केला. मेलवर.

सोमवार, १०
रजा मंजूर. अट एकच, जाताना तिसरं टूल चालू ठेवायचं, म्हणजे चाचणीही उरकेल. आज तासभर लावून पाहिलं. चार जणांना हुबेहूब माझ्यासारखी उत्तरं गेली, "बघते, कळवते"सकट. समोरच्या टेबलावरची चष्मेवाली म्हणाली, तुमच्यापेक्षा नीट लिहितं हो. हसलो दोघी.

संध्याकाळी दिसलं, त्याने ताईलाही लिहिलंय. मी तिला 'ताईसाहेब' म्हणून चिडवते, तेसुद्धा उचललंय. आणि ती खूश. मला राग यायला हवा होता. मी ते वाचलं आणि संगणक बंद करून घरी आले.

बुधवार, १२
टूल बंद केलं होतं, पण ते चालूच आहे. काल त्याने ताईला लिहिलं: "रजा मिळाली नाही. शुक्रवारी दुपारी फोन समोर ठेव आणि मला सगळं सांग. मी इथून ऐकेन." ताईने उत्तर दिलंय: "बरं. माझं नशीब." हे मी लिहिलेलं नाही असं मी तिला लगेच कळवलं. पाठवलेल्या मेलमध्ये माझी ती मेल नाहीच. तिच्या जागी दुसरी आहे, "वाट बघते" म्हणून.

संगणक सांभाळणारे गृहस्थ, त्यांना सगळे मास्तर म्हणतात, त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, टूल चालू ठेवा अशी तुमचीच मेल आहे. मी समोर उभी राहून सांगितलं, बंद करा. म्हणाले, मेल करा.

गुरुवार, १३
रजा रद्द. रजेची गरज उरली नाही अशी माझी मेल मुख्य बाईंना मिळाली म्हणे. मी बॅग उचलली आणि निघाले. कुणी अडवलं नाही, कुणी मान वर केली नाही.

ताईला फोन लावतेय. उचलत नाही. फोन घेऊ नकोस, आवाज जपून ठेव, असं तिला लिहून गेलंय. माझ्या नावाने.

घाबरायला हवं. ताईच्या गावच्या गाडीत बसल्या बसल्या झोप लागली.

शुक्रवार, १४, सकाळ
अजून गाडीतच. ताईला नवी मेल गेलीय: "हल्ली लोक दुसऱ्याच्या आवाजात हाक मारून फसवतात. मी लिहिल्याशिवाय दार उघडू नकोस." पहिलं वाक्य माझंच आहे. मागल्या वर्षी मीच तिला बजावलं होतं —

दुपार
ताईच्या दारात. आत ती बोलतेय. घोगरी, थांबत थांबत. शब्द लागत नाहीत. माझं लाडाचं नाव तेवढं कळलं.

बेल वाजवली. हाक मारली, ताई, मी आलेय. आतला आवाज थांबला.

माझ्या फोनवर ताईला गेलेल्या मेलची प्रत आली: "दारावर मी नाही, ताईसाहेब. मी इथेच आहे, ऐकतेय. तू बोलत राहा."

ठोठावतेय. दाराखाली फट नाही. खिडक्या मागच्या बाजूला, उंच —

पुन्हा बोलू लागली. दाराला कान लावलाय. आवाज बारीक होत चाललाय. आता एकेकच शब्द —

हसली बहुतेक —

आता नुसता श्वास. काहीतरी विचारतेय ती. विचारून थांबलीय. मी ओरडून सांगतेय, हो ताई, हो, पण ती उत्तरासाठी फोनकडे —