पुस्तक मिळालं, वजन चांगलं आहे

तीर्थस्वरूप वन्संना,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. तब्येत कशी आहे? गुडघे तुमचं ऐकायला लागले का, की अजून त्यांचंच चाललंय? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे मी बरी आहे आणि तुमचे बंधुराज लेखक आहेत. हे पत्र तुमची लेक तुम्हाला वाचून दाखवेल असं धरून लिहिते आहे. (पोरी, कंसातलं फक्त तुझ्यासाठी, ते मनातल्या मनात वाच. आईने "का गं थांबलीस?" विचारलं, तर मामीचं अक्षर लागत नाही म्हणून सांग. खोटं नाही ते.)

ह्यांची नवी कादंबरी तुमच्याकडे पोचली तेव्हा तुमचा फोन आला होता. "पुस्तक मिळालं. वजन चांगलं आहे," एवढंच बोलून तुम्ही ठेवलात. हे मात्र रिसीव्हर कानाला लावून तसेच उभे. आधीच्या प्रत्येक पुस्तकावर तुम्ही ह्यांची तासभर हजेरी घेतलेली. "कुठलीही बाई भांडताना इतकं मुद्देसूद बोलत नाही." "तुझा नायक जेवतो कधी रे?" ह्या वेळी नुसतं वजन! तुमची नजर गेल्यापासून तुम्ही पुस्तकं फोनवर ऐकता हे आम्हाला काय माहीत नव्हतं? तरी कादंबरी फक्त छापायची, फोनवर वाचायलाही द्यायची नाही आणि ऐकायलाही नाही, हे ठरलं तेव्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात तुम्ही आला नाहीत. वन्सं, मला त्याची फार लाज वाटते. पत्राच्या शेवटी लिहिणार होते, पण शेवटपर्यंत दम निघाला नाही.

ठरलं कसं, तेही सांगते. तुमच्या भावाची जुनी सवय आहे, मोठे निर्णय जेवताना घ्यायचे आणि माझ्या तोंडात घास असताना मला विचारायचं. (लग्नानंतर घर बदललं ते असंच. ह्यांनी नोकरी सोडली तीही असंच. मी घास लहान घ्यायला शिकायला हवं होतं.) "कागदाचा स्पर्श हवा, पान उलटल्याचा आवाज हवा, वाचकाने बैठक मारून वाचलं पाहिजे," असं बरंच बोलून झाल्यावर "काय, बरोबर ना?" म्हणाले. मी "हं" म्हटलं. त्या "हं"वर कादंबरी छापून आली, आणि वर पुस्तकाच्या शेवटी "प्रतिक्रिया पत्रानेच कळवाव्यात" असं लिहून खाली आमच्या घराचा पत्ता. तो तर मला न विचारताच.

मग काय, आ बैल मला मार. पोस्टमन आता बेल वाजवत नाही, दारात गठ्ठा टाकून सुस्कारा सोडतो. एका निवृत्त मास्तरांनी अक्षर मोठं व्हावं म्हणून सवयीने पानावर दोन बोटं ठेवून ताणलं, तर पानच फाटलं. बदली पान मागतात. एका नवरा-बायकोला धीर निघेना, म्हणून त्यांनी पुस्तक मधोमध फाडून अर्धं अर्धं वाटून घेतलं. नवऱ्याच्या वाट्याला उत्तरार्ध आला, आणि त्याने जेवताना शेवट सांगून टाकला. दोघं न्याय मागायला थेट आमच्या दिवाणखान्यात. बाई म्हणते, ह्याला माझ्यासमोर पूर्वार्ध वाचायला लावा. मी चहा दिला आणि मनातून तिच्या बाजूने झाले.

कुणा भल्या माणसाने सगळ्या पानांचे फोटो काढून फोनवरून वाटले. प्रत्येक फोटोत त्याचा अंगठा, आणि पानांचा क्रम पार उलटासुलटा. तसं वाचून एका प्राध्यापकांनी लांबलचक पत्र पाठवलं, की काळाची अशी धाडसी मोडतोड आपल्याकडे कुणी केली नव्हती. ह्यांनी ते पत्र टेबलासमोर डकवलं. त्यात अंगठ्याचा उल्लेख "लेखकाची सततची उपस्थिती" असा आला होता, तो नीट वाचल्यावर मुकाट्याने काढून ठेवलं. सगळ्यात जास्त कौतुक कुणाचं, तर ज्यांनी पुस्तक अजून प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेरच काढलेलं नाही त्यांचं. खराब होईल म्हणतात.

पण एका शिंप्याचं पत्र आलं. मशीन चालवताना तो पुस्तकं ऐकत असे. त्याने लिहिलंय, "साहेब, हात कापडावर, डोळे टाक्यावर, पाय पायडलवर. माझे कानच तेवढे रिकामे होते, ते तुम्ही बंद केले." ते पत्र वाचून हे जेवले नाहीत. (आधी वाटलं, नाटक. मग दुधाचा पेलाही तसाच राहिला.)

तेव्हा कुठे खरं बाहेर आलं. कागदाचा स्पर्श वगैरे सगळं झूट. मागची कादंबरी फोनवर ऐकवणाऱ्या कंपनीने ह्यांना कळवलं होतं, की कोण कुठपर्यंत ऐकतं हे त्यांना दिसतं, आणि बहुतेक जण नायकाच्या खुर्चीचं वर्णन सुरू झालं की सोडून जातात. शेवटपर्यंत एकच श्रोता गेला, तोही पुन्हा पुन्हा. ह्यांना ते फार लागलं. कागदावर कुणी कुठे सोडलं हे निदान लेखकाला कळत तरी नाही! आणि तो एकटा श्रोता? "फोन चालू ठेवून झोपत असेल," म्हणाले.

(पोरी, हा कंस मात्र मोठ्याने वाच. वन्सं, गेल्या आठवड्यात तुमच्या लेकीकडून मला कळलं, की मागची कादंबरी तुम्ही दुपारी सगळे कामाला गेले की लावता, आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून. नवी वाचून दाखवायला ती तयार होती, तर "मला वगळून काढलंय, राहू दे" म्हणालात. वन्सं, तो एकटा श्रोता तुम्ही होतात. उठून गेलेल्यांवरच्या रागात तुमच्या भावाने दार लावून घेतलं, आणि बसून राहिलेलं एकच माणूस बाहेर राहिलं. हे मी ह्यांना सांगितलं, तेव्हा बराच वेळ चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.)

तुम्ही रागावलात ते बरोबरच आहे. फक्त इतक्या गप्प राहून रागवू नका. ह्यांना त्याची सवय नाही.

तुमची,
तोंडात घास असलेली भावजय

ता.क. ह्यांना न सांगता मी दुपारी स्वयंपाकघरात कादंबरी मोठ्याने वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करते आहे, आणि एकेक प्रकरण तुमच्या लेकीच्या फोनवर पाठवते आहे. आवाज माझा आहे, सोसून घ्या. खून होतो तिथे जी कुकरची शिट्टी ऐकू येते ती कादंबरीतली नाही. ह्यांना कळता कामा नये.

ता.क. दुसरा. शेवटची दोन प्रकरणं पाठवणार नाही. हवी असतील तर भावाला फोन करून मागा. आणि कुणाला सांगू नका, पण ती मीही अजून वाचलेली नाहीत. खुर्ची ह्याही कादंबरीत आहे.

ता.क. तिसरा. पाकीट बंद करायच्या आधी लिहिते. आत्ता नववं प्रकरण वाचत होते, तर हे दारात येऊन उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी घाबरून तशीच वाचत राहिले. कुकर शिट्टीला आला, तेवढ्यात हे पाय न वाजवता आत आले, गॅस बंद केला आणि दिवाणखान्यातल्या फोनजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. अजून तिथेच आहेत. म्हणून नवव्या प्रकरणात शिट्टी नाही.