पहिली मूठ

शनिवार, ८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींना नमस्कार, चिऊला पापा. मी बरी आहे. खोलीची खिडकी अजून नीट लागत नाही, पण आता मलाच तिची सवय झाली आहे.

"मावशी, कोंबडीला कळतं का गं, तिला काय कमी पडतंय ते?" चिऊने मागच्या फोनवर विचारलेल्या या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. पदवी घेतलेल्या मावशीला येत नाही, हे तिला तूच जरा सांभाळून सांग. मी ज्यांच्या हाताखाली शेडमध्ये काम करते त्या सरांना विचारलं. ते म्हणाले, चुना कमी पडला तर कोंबडी शोधत जाते, शिंपल्यांचा चुरा ठेवला तर बरोबर तिथेच चोच मारते. पण जस्त, मँगनीज असलं काही कमी पडलं तर तिला कळत असेल, असं खात्रीने सांगता येत नाही. मग मी माझ्यापुरती दोन भांडी ठेवून पाहिली. एकात क्षार घातलेलं खाद्य, दुसऱ्यात न घातलेलं. पिल्लं दोन्हींतून खात राहिली आणि मधूनमधून माझ्या चपलेलाही चोच मारून गेली. म्हणजे मावशी नापास.

तू नेहमी म्हणतेस, दिवसभर त्या शेडमध्ये नक्की काय करतेस ते एकदा धड सांग. तर ऐक. मांसासाठी वाढवलेली ही पिल्लं फार घाईने वाढतात. अंगावर मांस चढत जातं आणि पाय मागून ओरडतात, अगं थांब जरा. हाडं भरायला, कातडी शिवलेली राहायला, पंख फुटायला त्यांना हे क्षार लागतात, पण लागतात एवढेसेच. टनभर खाद्यात जस्त काही मुठी, सेलेनियम तर चिमटीत मावेल एवढंच. आम्ही ते कमी-जास्त करून वेगवेगळ्या कप्प्यांतल्या पिल्लांना देतो आणि पाय पाहतो. बस, एवढंच माझं काम. पण ताई, ते दिसतं किती सुंदर! मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार निळा, हिराकस म्हणजे लोहाचा फिकट हिरवा, जस्ताचा क्षार पांढराशुभ्र आणि मँगनीजचा अगदी हलका गुलाबी, चिऊ जन्मली तेव्हा तिची नखं होती तसा. चार वाट्या ओळीने मांडल्या की मला हात लावायला भीती वाटते.

आणि मिसळायची एक रीत आहे. चिमूट थेट ढिगात टाकायची नाही. टाकली तर ती कुठेतरी एका कोपऱ्यात बसते. मग एका पिल्लाला सगळं मिळतं आणि ते आजारी पडतं, बाकीच्यांना काहीच मिळत नाही. म्हणून चिमूट आधी मूठभर मक्याच्या भरड्यात कालवायची. ती मूठ पातेलंभर भरड्यात, पातेलं बादलीत आणि बादली मग त्या मोठ्या फिरत्या पिंपात. शेवटी पाहिलं तर सगळं पिवळंच दिसतं. निळं, हिरवं, गुलाबी कुठे गेलं ते सांगता येत नाही, पण ते प्रत्येक घासात असतं.

संध्याकाळी दिवे मंद केले की शेडमध्ये काहीतरी होतं. आधी किलबिल असते, मग ती खाली खाली येत जाते, जसं कुणी मोठं पांघरूण हळूहळू ओढत नेतंय. शेवटी नुसती ऊब उरते आणि हवेत तरंगणारी पिसांची धूळ. मी दाराशी स्टुलावर बसते. बसल्या बसल्या डोळा लागतो. काल तसाच लागला आणि मला तू दिसलीस. आपल्या जुन्या खोलीत तू जमिनीवर बसून अंडं सोलत होतीस. पांढरं तू घेतलंस, पिवळं माझ्या हातावर ठेवलंस आणि म्हणालीस, "मला नाही आवडत ते, घशात अडकतं." आई गेल्यानंतर कितीतरी वर्षं तू हेच म्हणायचीस. मी ते खरं धरून चालले. तुझं लग्न झाल्यावर एकदा तुझ्या घरी आले होते तेव्हा पाहिलं, तू पांढरं भाऊजींच्या ताटात सारलंस आणि पिवळं डोळे मिटून खाल्लंस.

तुला ठाऊक आहे का, अंड्यातून निघालेलं पिल्लू सुरुवातीला काही न खाता राहू शकतं. त्याच्या पोटात बलकाचा उरलेला गोळा असतो. आईने जे खाल्लं, तेच त्याची पहिली शिदोरी. सरांना आता हेच पाहायचं आहे. पिल्लांच्या खाद्यात घालत बसण्याआधी आईकोंबड्यांना नीट दिलं, तर पिल्लं मुळात घट्ट पायांनी जन्मतील का. दोन वर्षांचं काम आहे. "यातून काही निघेलच असं नाही," हे ते स्वतःच पहिल्या वाक्यात सांगतात. त्यांना मदतनीस हवी आहे.

विषय कुठून कुठे गेला. त्या क्षार विकणाऱ्या कंपनीचं सांगायचं राहिलं.

बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत ना, धाकटी कंपनीत लागली म्हणून? अजून लागलेली नाही. मी काय ते कळवायचं आहे. त्याआधी त्यांनी मला काम कसं असतं ते पाहायला त्यांच्या विक्रीवाल्या काकांबरोबर पाठवलं होतं. काका मोठे गमतीचे. गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "मॅडम, बोलायचं मी. तुम्ही फक्त पदवी दाखवल्यासारखं हसायचं." मी विचारलं, पदवी दाखवल्यासारखं म्हणजे कसं? म्हणाले, "दात कमी, मान जास्त."

एका बाईंची शेड होती. एकट्याच सांभाळतात. पिल्लं बसून राहिली होती, उठवलं की लंगडायची. काकांनी क्षारांच्या पाण्याचे दोन कॅन गाडीतून उतरवलेसुद्धा. बाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पोरी, तू शिकलेली दिसतेस. हे दिलं तर उठतील का ही?"

ताई, मी खाली वाकून भुसा मुठीत दाबला. ओल्या मातीसारखा त्याचा गोळा झाला. पाण्याच्या नळ्या गळत होत्या. पिल्लांचे तळवे त्या ओलीत सोलून निघाले होते. खाद्याच्या पोत्यात लागतील तेवढे क्षार आधीच होते. मी म्हटलं, "नाही उठणार. आधी हे पाणी थांबवा आणि भुसा बदला."

परतताना काकांनी दोन्ही कॅन पुन्हा गाडीत ठेवले. मग हसायला लागले. "एका शब्दात माझा अख्खा आठवडा खाल्लात की हो!" थोड्या वेळाने म्हणाले, "मॅडम, चूक नाही बोललात. पण रोज असं बोलून आपल्या दोघांच्या घरी चूल पेटायची नाही." त्यांचा राग आला नाही मला. तेच अवघड आहे.

कंपनीने अजूनही दार लावलेलं नाही. पगार चांगला आहे. बाबा तुझ्याकडे राहायला आल्यापासून त्यांचे डोळे वेल्डिंगने किती पाणावतात ते तू रोज पाहतेस. माझी नोकरी लागली की वर्कशॉप सोडतो, असं त्यांनी मालकाला सांगूनसुद्धा टाकलंय. आणि मला आईकोंबड्यांकडे जायचंय, निम्म्याहून कमी पगारावर.

हे बाबांना थेट सांगायची माझी छाती होत नाही. तू सांगशील? तुला नेहमी जमतं. कॉलेजचं तूच सांगितलंस, वसतिगृहाचं तूच. चिमूट आधी मुठीत कालवायची असते. तू माझी पहिली मूठ हो.

तुझी,
धाकटी

*

रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. तू इतकं छोटं पत्र लिहू शकतेस हे मला माहीत नव्हतं. चिऊचं चित्र त्याच्याहून मोठं होतं. तिला सांग, कोंबडीला चार पाय नसतात, पण काढलेत छान.

तुझ्या ओळी मी आरशाच्या कडेला खोचून ठेवल्या आहेत. रोज भांग पाडताना वाचते. "चिऊच्या प्रश्नाचं कोंबडीचं उत्तर मला माहीत नाही. माझं माहीत आहे. मला काय कमी पडतंय ते मला कळतं, मी सांगत नाही इतकंच. आता सांगते. मला या घरातला निरोप्या व्हायचं नाही. तू नोकरी घे नाहीतर घेऊ नकोस, पण बाबांना तू सांग."

आधी मला रडू आलं. मग राग आला. शेडमध्ये जाऊन पिंप घासत बसले. घासता घासता आठवलं, कॉलेजचं सांगायला तू आत गेलीस तेव्हा मी बाहेर पायरीवर बसून चिंचोके खेळत होते. बाबांचा आवाज चढला होता. तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, "झालं काम." आत काय काय ऐकून घेतलंस ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, तुला जमतं. जसं वाटायचं की तुला पिवळं आवडत नाही.

म्हणून मागच्या गुरुवारी मी येऊन गेले. तू चिऊला घेऊन सासूबाईंकडे गेली होतीस, आणि मी मुद्दामच तो दिवस धरला. तू घरी असतीस तर मी तुझ्या मागे उभी राहिले असते.

घरी न जाता थेट वर्कशॉपमध्ये गेले. तू शेवटची कधी गेलीस तिथे? लोखंडाचा तोच वास, पत्र्याच्या फटींतून येणाऱ्या उन्हाच्या तिरप्या पट्ट्या, त्यांत धूर सावकाश वळत होता. स्वप्नात चालावं तशी मी आत गेले. बाबा मुखवटा लावून एका फाटकावर वाकले होते आणि त्यांच्या हाताखालून निळा उजेड फुटत होता. अगदी मोरचुदाचा निळा. आपल्याला लहानपणी तिकडे पाहू देत नसत ना? मी आताही मान फिरवली आणि भिंतीकडे पाहून बोलले.

"बाबा, मी कंपनीत जाणार नाही."

"ऐकू येत नाही. थांब, जोड पुरा होऊ दे."

ऐकू आलं होतं. जोड केव्हाच पुरा झाला होता, तरी ते वाकूनच होते. मग मुखवटा वर केला.

"मग करणार काय?"

"कोंबड्यांच्या आयांना खाऊ घालणार."

"त्याने काय होईल?"

"पिल्लांचे पाय घट्ट होतील. कदाचित."

"कदाचित?" त्यांनी फाटकावर हात ठेवला. "मी हे फाटक देताना गिऱ्हाइकाला सांगतो का, कदाचित बंद होईल म्हणून?"

मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, पण त्यांनी ते बाहेर येऊ दिलं नाही. बाहीने डोळे पुसले. लाल होते गं. कडेला पापण्या चिकटल्या होत्या. मग त्यांनी सरळ विचारलं, "आणि माझं काय?"

या प्रश्नाला मी वाटभर उत्तरं तयार केली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ, मी जमेल तेवढे पैसे पाठवीन, दोन वर्षं काय चुटकीसरशी जातील. त्यांतलं एकही मी दिलं नाही. मी म्हटलं, "तुम्हाला अजून काम करावं लागेल, बाबा. माझ्यामुळे. तेच सांगायला आले."

त्यांनी मुखवटा काढून फाटकाला अडकवला. कुठेतरी पत्रा वाजत राहिला. मग म्हणाले, "मालकाला सांगून बसलोय मी, काम सोडतो म्हणून. आता पुन्हा जाऊन सांगायचं म्हणजे जरा लाजच."

"मी सांगू त्यांना?"

"काही नको. माझं मी सांगेन. तू तुझं सांगितलंस ना?"

ताई, हे ते म्हणाले तेव्हा मला तू आठवलीस.

मग हात धुतले आणि म्हणाले, "मी चिडलोय. नीट ऐकून ठेव, चिडलोय. पण जेवल्याशिवाय जायचं नाही." डबा उघडला. दोन उकडलेली अंडी होती, तू सकाळी निघण्याआधी दिलेली. एक मला दिलं. मी सोलून पिवळं त्यांच्या झाकणात ठेवायला लागले तर खेकसले, "खा गुपचूप. ही सवय तुझ्या बहिणीची. मला काय दिसायचं नाही तेव्हा?"

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मलाच तेवढं नव्हतं.

बसथांब्यापर्यंत सोडायला आले. मुखवट्याशिवाय उन्हात त्यांना नीट दिसत नव्हतं. रस्ता ओलांडताना माझं कोपर धरलं आणि मी सांभाळून नेते आहे असं दोघांनीही दाखवलं नाही. बस आली तेव्हा एकच विचारलं, "नाही म्हणून कळवलंस, की अजून कळवायचंय?"

"कळवलं," मी म्हटलं. "सकाळी. इथे येण्याआधीच."

"म्हणजे विचारायला आली नव्हतीस."

"नाही."

त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. बस वळेपर्यंत ते तिथेच उभे होते, हात डोळ्यांवर धरून. निरोपासाठी की उन्हासाठी, कोण जाणे.

तू म्हणशील, आधी त्यांना भेटायचं आणि मग कळवायचं. मीही रात्रभर तेच घोकत होते. पण मी मला ओळखते. ते लाल डोळे आधी पाहिले असते तर मी कंपनीत गेले असते, शेडवाल्या बाईंसमोर मान जास्त आणि दात कमी करून हसले असते, आणि जन्मभर मनातल्या मनात त्यालाच बाबांची सेवा म्हटलं असतं. त्यांना ते नको होतं आणि मलाही. म्हणून नकाराचं पाकीट टपालपेटीत टाकलं, झाकण खाली पडल्याचा आवाज ऐकला आणि मग बसमध्ये चढले.

परवापासून आईकोंबड्या माझ्याकडे आहेत. मोठ्या, संथ, चालताना विचार करत असल्यासारख्या. आज त्यांचं पहिलं खाद्य मी कालवलं. चिमूट मुठीत, मूठ पातेल्यात. बोटांच्या पेरांवर गुलाबी राहिलंय थोडं, या कागदालाही लागलं असेल.

पहिली मूठ या वेळी मीच झाले.

तुझ्या वाटचं पिवळं खाऊन मोठी झालेली,
तुझी धाकटी